रानातली पोवळी : ओळख आणि फसगत

आषाढातले चार मोठे पाऊस पडून गेले की कुजक्या पाचोळ्यातून, जुन्या बुंध्यांच्या कडेने आणि वारुळांच्या माथ्यावर नाना आकारांच्या बुरश्या डोके वर काढतात. त्यांतली छत्रीच्या आकाराची सर्वांच्या ओळखीची असते. तिला कोणी कुत्र्याची छत्री म्हणतो, कोणी भूछत्र. सह्याद्रीच्या बाजूला आळंबी म्हणतात, गोव्यात ओळमी, विदर्भात सात्या. परंतु याच दिवसांत दाट रानात एक निराळा आकार दृष्टीस पडतो. त्याला छत्री नाही आणि दांडाही नाही. जमिनीतून एक जाडसर बुंधा निघतो, त्याला दोन फाटे फुटतात, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन, आणि असे करीत करीत वीतभर उंचीचे एक झुडूपच उभे राहते. रंग पिवळा, केशरी, गुलाबी, पांढरा, क्वचित जांभळासुद्धा. आपल्या बांधावरच्या शेराच्या कुंपणाची कोणी ओंजळीत मावेल एवढी प्रतिकृती केली, तर ती काहीशी अशी दिसेल. समुद्रातले पोवळे पाहिलेल्या माणसाला पहिली आठवण पोवळ्याचीच होते, आणि म्हणून जगभर या बुरशीला पोवळ्याचेच नाव पडले आहे. आम्हीही तिला पोवळी बुरशी म्हणू.

सास्तूरच्या श्रोत्यांपुढे हा विषय काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. तेरणेच्या खोऱ्यातला हा काळ्या जमिनीचा मुलूख. वर्षाचा पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. महाबळेश्वरला किंवा आंबोलीला पाच हजारांहून अधिक मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथली गोष्ट वेगळी. आपल्या जिल्ह्यात रान म्हणावे असे रान येडशीजवळ रामलिंगच्या घाटात. ते १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले, पण तेही पानगळीचे, कोरडे रान. तेव्हा पिवळ्याधमक पोवळ्यांचे ताटवे येथे शोधू जाणाऱ्याची निराशा होईल, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तरीही विषय काढला तो अशासाठी की, पावसाळ्यात घाटमाथ्यावर सहलीला जाणाऱ्यांत आता आपल्याकडची मंडळीही पुष्कळ असतात. दिसेल त्याचे खिशातल्या फोनवर चित्र काढावे आणि त्या फोनलाच नाव विचारावे, ही सवय सर्वत्र रुळली आहे. नाव मिळते, ते खरे मानले जाते, आणि पुढचा प्रश्न 'खातात का?' असा असतो. चित्राला फक्त आकार कळतो. आणि या बुरश्यांच्या बाबतीत फसवणारी गोष्ट नेमकी आकार हीच आहे. शिवाय पोवळ्याच्या आकाराशी जवळीक सांगणाऱ्या काही बुरश्या आपल्याही शिवारात उगवतात. त्यांच्याकडे आपण पुढे येऊच.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, आपण जिला बुरशी म्हणून पाहतो ते त्या जीवाचे सगळे शरीर नव्हे. खरे शरीर मातीत किंवा लाकडात पसरलेले असते. सुताहून बारीक अशा पांढऱ्या तंतूंचे ते जाळे वर्षानुवर्षे अदृश्य राहते. वर येते ते केवळ फळ. आंब्याचे झाड जमिनीत दडवून ठेवावे आणि फक्त आंबेच वर दिसावेत, तसा हा प्रकार. या फळाचे काम एकच, बीजाणू तयार करून वाऱ्यावर सोडणे. बीजाणू इतके सूक्ष्म असतात की शेकडो एका रांगेत मांडले तर कोठे एक सेंटिमीटर भरावा. ते जितके अधिक, तितकी वंश टिकण्याची आशा अधिक. आणि ते तयार होतात पृष्ठभागावर. म्हणून थोड्या द्रव्यात जास्तीत जास्त पृष्ठभाग कसा मिळवावा, हे प्रत्येक बुरशीपुढचे कोडे असते. छत्रीवाल्या बुरशीने ते छत्रीखाली पुस्तकाच्या पानांसारख्या पापुद्र्यांच्या ओळी लावून सोडविले. पोवळीने फांद्या फोडून सोडविले. तिच्या फांद्यांवर जवळजवळ सर्वत्र बीजाणू धरतात.

जाता जाता एक गंमत सांगावीशी वाटते. समुद्रातले पोवळे हा प्राण्यांचा समूह आहे, आणि बुरशीला आपण सवयीने वनस्पती समजतो. गेल्या काही दशकांत जीवांच्या आनुवंशिक द्रव्याचा, म्हणजे डीएनएचा, ताळा लावून पाहिला तेव्हा निघाले ते असे की, बुरश्या वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळच्या आहेत. म्हणजे समुद्रातले पोवळे आणि रानातली पोवळी बुरशी यांचे नाते, त्या दोघांच्या कडुलिंबाशी असलेल्या नात्यापेक्षा जवळचे. अर्थात हे नाते फारच पुरातन आहे; आकाराच्या सारखेपणाशी त्याचा काही संबंध नाही.

या बुरश्यांना शास्त्रीय नाव देण्याची सुरुवात स्वीडनचा पंडित लिनिअस याने केली. १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्याने क्लॅव्हेरिया नावाचा एक वंश मांडला. लॅटिनमध्ये 'क्लॅव्हा' म्हणजे सोटा किंवा गदा. सोट्यासारखी उभी आणि फांद्या फुटलेली अशी दोन्ही प्रकारची बुरशी पुढे शंभर-दीडशे वर्षे या एकाच गाठोड्यात बांधली जात होती. दिसायला सारखी ती सगळी एका घरची, असा तो सरळ हिशेब. पुढे पुष्कळ फांद्यांच्या जाड बुरश्यांसाठी रामारिया हे नाव आले. मराठी कानाला त्यात राम ऐकू येतो आणि रामलिंगच्या रानाची आठवण होते. पण ते 'रामुस' म्हणजे फांदी या लॅटिन शब्दावरून आले आहे, त्याचा रामाशी संबंध नाही.

गाठोडे खरोखर सुटले ते इंग्लंडच्या कॉर्नर यांच्या हातून. एड्रेड जॉन हेन्री कॉर्नर हे सिंगापूरच्या वनस्पती-उद्यानात १९२९ पासून काम करीत होते. उंच झाडांच्या शेंड्यावरची फुले-फांद्या खाली आणण्यासाठी त्यांनी माकडे शिकवून तयार केली होती, आणि त्यांच्या वनस्पतिशास्त्रापेक्षा त्यांची ही माकडेच अधिक प्रसिद्ध झाली. विद्वानांच्या नशिबी असे बरेचदा येते. परंतु १९५० साली त्यांनी क्लॅव्हेरिया व तिच्या सजातीय बुरश्यांवर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या विषयाचा पाया आहे. बाहेरचा आकार बाजूला ठेवून, फळाचे मांस कोणत्या प्रकारच्या तंतूंनी विणले आहे हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि वरून सारखी दिसणारी वस्त्रे आतून निरनिराळ्या मागांवर विणलेली आहेत हे दाखविले. आपल्या देशात पंजाब विद्यापीठातील करतारसिंग थिंद यांनी मसुरीच्या व आसपासच्या हिमालयी रानांत हिंडून हेच काम केले. 'भारतातील क्लॅव्हेरिएसी' या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९६१ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढला. पोवळी बुरशीवर भारतात काम करणाऱ्याला आजही तो हाताशी ठेवावा लागतो.

डीएनएच्या ताळ्याने कॉर्नर यांच्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब केले, आणि काही ठिकाणी त्यांच्याही पुढे नेले. आज असे मानतात की, पोवळ्याचा आकार बुरश्यांच्या जगात एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, निदान आठ निरनिराळ्या गणांत स्वतंत्रपणे उत्पन्न झाला. पक्ष्याला पंख, वटवाघळाला पंख आणि पतंगाला पंख. पण म्हणून ते तिघे भाऊ ठरत नाहीत. तसेच हे. केशरी-पिवळी भरदार रामारिया घ्या. तिचे जवळचे नातलग कोण? उकिरड्यावर पहाटे एकाएकी उभी राहणारी, सडक्या मांसासारखा वास मारणारी आणि माश्या गोळा करणारी लांबट बुरशी आपण पाहिली असेल. ती रामारियेच्या कुळाजवळची. आणि रामारियेशेजारीच उगवणारी नाजूक पिवळी क्लॅव्ह्युलिनॉप्सिस मात्र बाजारात मिळणाऱ्या बटण आळंबीच्या आणि ढिंगरीच्या गणातली. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघींत रंगाचे साम्य आहे, आकाराचे साम्य आहे, आणि गणाचा मात्र पत्ता नाही.

मग ओळखावे कसे? आमचे सांगणे असे की, बुरशीकडे पाहण्याआधी ती कशावर उभी आहे ते पाहावे. हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक मंडळी तोच विसरतात. कारण ती वरच्या वर खुडून घेतात आणि बुंधा जमिनीतच राहतो. चाकूने किंवा काटकीने भोवतालची माती उकरून सबंध बुंधा वर काढावा. तो मातीत रुजलेला आहे, पाचोळ्याला चिकटलेला आहे, की खाली पुरलेल्या लाकडातून आलेला आहे? मातीतून आली असे वाटणारी बुरशी पुष्कळदा वीतभर खोल गाडलेल्या मुळावर उभी असते. लाकडावर उगवणारी, पांढरट-पिवळी आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला चिमुकल्या मुकुटासारखे दाते असलेली पोवळी दिसली, तर ती आर्टोमायसेस असण्याचा संभव मोठा. तिच्या मुकुटाची खूण इतकी स्पष्ट आहे की भिंगाशिवायही ती कळावी. लाकडावरच पिवळीजर्द, बोटभरही उंच नसलेली, पण दाबली असता लवचीक आणि बुळबुळीत लागणारी असेल, तर ती कॅलोसेरा किंवा तिच्या कुळातली. ती वाळली की शिंगासारखी कडक होते आणि पाण्यात टाकली की पुन्हा फुगते. हिची एक बहीण, डॅक्रिओपिनॅक्स, फांद्या न फोडता पळीसारखी चपटी होते आणि उष्ण प्रदेशात जुन्या इमारती लाकडावरही उगवते. तिच्याविषयी पुढे बोलू.

मातीत रुजलेल्या असतील तर मांस पाहावे. बोटात धरून फांदी वाकवावी. कट्कन खडूसारखी मोडते, की वाकते, की चामड्यासारखी चिवट आहे? पांढरी, फांद्या नसलेली, शेवयांच्या जुडीसारखी उभी राहणारी आणि हात लावताच मोडणारी असेल तर ती खरी क्लॅव्हेरिया. हिच्याच वंशात एक जांभळी जात आहे, क्लॅव्हेरिया झोलिंजेरी. जावा बेटावरच्या नमुन्यावरून १८४६ साली तिचे वर्णन झाले आणि नंतर ती जगाच्या अनेक भागांत सापडली. इतका शुद्ध जांभळा रंग बुरशीत दिसणे ही मोठी नवलाची गोष्ट आहे. पांढरी किंवा राखी, फांद्यांची टोके कोंबड्याच्या तुऱ्यासारखी झालरदार असतील, तर क्लॅव्ह्युलिना. चिवट, तपकिरी, चपट्या फांद्यांची आणि टोकाला पांढरट असेल तर थेलेफोरा. पांढरी, चपट्या फांद्यांची आणि उष्ण कटिबंधातल्या दमट रानात जमिनीवर असेल तर स्किटिनोपोगॉनची शंका घ्यावी. जाड, मांसल बुंधा, त्यावर दाटीने फांद्या आणि एकंदर रूप फुलकोबीच्या गड्ड्यासारखे असेल, तर ती रामारिया. पण रामारियेत जाती इतक्या आहेत, आणि कोवळेपणी-जूनपणी त्यांचे रंग इतके पालटतात, की वंश ओळखला म्हणजे सामान्य माणसाने थांबावे हेच योग्य. जातीचे नाव छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे आम्ही तरी संशयाने पाहतो.

आता घरी करता येण्याजोग्या दोन परीक्षा. पहिली बीजाणूंच्या रंगाची. बुरशीची एक ताजी फांदी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर आडवी ठेवावी, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हलवू नये. सकाळी कागदावर फांदीचा धुळीसारखा ठसा उमटलेला दिसतो. क्लॅव्हेरिया, क्लॅव्ह्युलिना, आर्टोमायसेस यांचा ठसा पांढरा, म्हणून काळा कागद, रामारियेचा गेरूमिश्रित पिवळट, थेलेफोरेचा तपकिरी. वरून पांढरी दिसणारी बुरशी पिवळा ठसा देऊ शकते आणि पिवळी दिसणारी पांढरा, हे या परीक्षेचे मर्म. दुसरी परीक्षा हिराकशीची. बाजारात मिळणारा हिराकस दहा भाग पाण्यात एक भाग या प्रमाणात विरघळवावा आणि एक थेंब फांदीवर टाकावा. पुष्कळ रामारिया त्या ठिकाणी हिरव्या पडतात. याहून पुढे जावयाचे तर सूक्ष्मदर्शक हवा. त्यातून दिसते की बीजाणू गदेसारख्या पेशीच्या टोकावर उघडे धरले आहेत, बहुधा चार-चार. क्लॅव्ह्युलिनेत ते बहुधा दोनच, आणि ज्या देठांवर ते बसतात ते बैलाच्या शिंगांसारखे आत वळलेले. काही बुरश्यांत मात्र बीजाणू असे उघडे नसून लांबट पिशवीत, बहुधा आठ-आठ, भरलेले असतात. ही पिशवीवाली सर्वस्वी निराळ्या विभागातली. पाव फुगविणारे यीस्ट ज्या विभागात मोडते त्यातली. आपल्याकडची पोवळी पुष्कळशी या विभागातली आहे.

सह्याद्रीत दिसणाऱ्या रूपांपैकी इतकी थोडी आपल्याकडे का? पाऊस हे एक कारण झाले, पण तेच एक नव्हे. रामारियेच्या अनेक जाती आणि क्लॅव्ह्युलिना या स्वतःच्या बळावर जगत नाहीत. त्यांचे तंतू विशिष्ट झाडांच्या बारीक मुळ्यांवर मोज्यासारखे चढतात. झाड त्यांना साखर पुरविते, आणि त्या झाडाला मातीतले पाणी व स्फुरद पुरवितात. हा सौदा सगळ्या झाडांना मानवत नाही. साल, चीड, ओक, देवदाराच्या बरोबरीने हिमालयात असणारी इतर सूचिपर्णी यांना तो मानवतो. म्हणून थिंद यांना मसुरीला एवढे भांडार सापडले. आपली बाभूळ, बोर, कडुलिंब, साग ही मंडळी निराळ्या, फळ वर न दाखविणाऱ्या बुरशीशी भागीदारी करतात. आपल्या भागात लावलेली निलगिरी आणि सुरू यांचा मात्र पहिल्या प्रकारच्या बुरशीशीही संबंध जुळतो, हे लक्षात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

तेव्हा सास्तूरच्या शिवारात काय पाहावे? दोन जागा सांगतो. एक जुने लाकूड. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटेच्या भूकंपाने या गावाची काय दशा केली ते येथे सांगण्याची गरज नाही. त्यानंतर गाव नव्या जागी वसले. माळवदाच्या घराचे जाड सर, खांब, दाराच्या चौकटी जेथे जेथे उघड्यावर पडून पावसाने भिजत असतील, तेथे वर सांगितलेली पिवळी, पळीसारखी बुरशी शोधण्यास हरकत नाही. लाकडाच्या भेगेतून ती ओळीने निघते आणि उन्हाने आक्रसून नाहीशी झाल्यासारखी वाटते. पुढच्या पावसाला पुन्हा उभी.

दुसरी जागा वारुळाची, आणि ही अधिक मनोरंजक आहे. आपल्याकडच्या वारूळ बांधणाऱ्या वाळव्या शेतकरी आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे. वारुळाच्या पोटात त्या चघळलेल्या लाकूड-पाल्याचे, भोकाभोकांचे, स्पंजासारखे पोळे रचतात आणि त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवितात. लाकूड वाळवीला जसेच्या तसे पचणे अवघड. बुरशी ते मऊ करते आणि वाळवी ते खाते. सुमारे तीन कोटी वर्षे हा व्यवहार चालू आहे. मनुष्याची शेती दहा-बारा हजार वर्षांची. पावसाळ्यात वारुळावर लांब मुळाची जी छत्री उगवते, जी रानभाजी म्हणून आवडीने खाल्ली जाते, ती या पिकाचीच फळे होत. आता या पोळ्यात तणही असते. त्या तणाचे नाव झायलेरिया. वाळव्यांचा पहारा जागता असेतोवर ते डोके वर काढू शकत नाही. पण वाळव्या मेल्या किंवा पोळे सोडून गेल्या की थोड्याच दिवसांत झायलेरिया ते व्यापते, आणि पाऊस पडला की मातीतून काळ्या, तारेसारख्या चिवट काड्या वर येतात. काही सरळ, काही हरणाच्या शिंगासारख्या फाटे फुटलेल्या. कोवळेपणी त्यांच्या टोकांना पिठासारखी पांढरी भुकटी असते. ती एका प्रकारच्या बीजाणूंची. पुढे काडी काळी पडते आणि तिच्या अंगावर मोहरीहून बारीक पुटकुळ्या येतात. त्या पुटकुळ्यांत पिशव्या, आणि पिशव्यांत काळे बीजाणू. नखाने मोडून पाहावी: बाहेर कोळशासारखे कवच, आत पांढरा गाभा. एवढी खूण पुरेशी आहे. कुजक्या ओंडक्यांवर हिच्याच जाड बहिणी उगवतात. इंग्रज लोक त्यांतल्या एकीला मेलेल्या माणसाची बोटे म्हणतात, आणि संध्याकाळच्या उजेडात ते नाव अगदीच अन्यायाचे वाटत नाही. तात्पर्य, वारुळावर छत्री दिसली तर आत शेती चालू आहे. काळ्या काड्या दिसल्या तर तेथले पोळे बहुधा ओस पडले आहे.

आता खाण्याचा प्रश्न. पोवळीच्या आकाराच्या बुरश्यांत विषारी काही नसते, असा एक समज युरोपात फार दिवस होता आणि तो आपल्याकडेही पुस्तकांतून आला. त्याला आधार इतकाच की, प्राणघातक अशा ज्या छत्र्या प्रसिद्ध आहेत, त्या या आकाराच्या नाहीत. पण रामारिया फॉर्मोसा नावाची देखणी गुलाबी-केशरी जात खाल्ल्यास जुलाब आणि ओकाऱ्या होतात. रामारिया पॅलिडा हीही तशीच. आणि जनावरांची कथा तर अधिक दुःखाची आहे. ब्राझीलच्या दक्षिण भागात आणि उरुग्वेत निलगिरीच्या राईत चरणारी गुरे-मेंढरे रामारिया फ्लॅव्होब्रुनेसेन्स ही पिवळट पोवळी आवडीने खातात. मग त्यांच्या तोंडाला लाळ सुटते, जीभ गुळगुळीत होते, शेपटीचे केस झडतात, खूर आणि शिंगांची खोळे सैल होतात, आणि पुष्कळ जनावरे दगावतात. निलगिरीच्या राईत पावसाळ्यात जनावर सोडताना खाली काय उगवले आहे इकडे नजर टाकण्यास काही खर्च येत नाही.

माणसाच्या बाबतीतले उदाहरण जपानचे. तेथे रानात लाल, ज्वाळेसारखी एक बुरशी उगवते, तिला काएनताके म्हणतात, म्हणजे ज्वाला-आळंबी. मातीतून वर आलेली लाल बोटे, कधी फाटे फुटलेली. कोणीही तिला पोवळी म्हणेल. वस्तुतः ती पिशवीवाल्या विभागातली आहे. शास्त्रीय नाव ट्रायकोडर्मा कॉर्नू-डामे, म्हणजे हरणाचे शिंग. खाण्याच्या लाल पोवळीशी तिची गल्लत होते. १९९९ आणि २००० साली जपानात ती पोटात जाऊन माणसे मेली. तिच्यातले विष रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणारे कण नाहीसे करते, कातडी सोलून निघते, केस गळतात. नुसता स्पर्शही कातडीला बाधतो असे सांगतात. २०१९ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे केर्न्स शहराजवळ सापडली, तेव्हा ती केवळ जपान-कोरियाकडची आहे हा दिलासाही गेला. छायाचित्रात ही आणि खाण्याची लाल पोवळी शेजारी ठेवल्या तर पुष्कळांना फरक सांगता येणार नाही. हातात घेऊन मोडली तर कळतो: एकीचे मांस ठिसूळ, हिचे घट्ट आणि कडक. पण हिला हाती घ्यावयाची कोणी?

येथे घरगुती परीक्षांविषयी बोलणे भाग आहे. शिजताना चांदीचे नाणे टाकावे, ते काळे पडले तर विष. लसूण किंवा तांदूळ रंग बदलला तर विष. किडीने खाल्ली असेल तर निर्धास्त खावी. यांतली एकही परीक्षा खरी नाही. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे, आणि बुरशीतल्या घातक विषांचा गंधकाच्या त्या संयुगांशी संबंध नाही. कीड आणि गोगलगाय जे पचवितात ते माणसाला पचेलच असे नाही. शिजविल्याने सर्वच विषे जातात हेही खोटे. सर्वांत घातक छत्रीचे विष उकळूनही टिकते, आणि त्याची लक्षणे सहा ते बारा तासांनंतर, कधी त्याहून उशिराही दिसू लागतात. वारुळावरची छत्री पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या घरांना तिची पारख असते आणि तिच्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. मात्र ती पारख त्या एका बुरशीपुरतीच असते. पोवळीकडे ती नेता येत नाही. पोवळी पाहावी, तपासावी, नोंद करावी. खाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. चुकून कोणी खाल्लीच आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तर दवाखान्यात जाताना उरलेली बुरशी, साल-देठ, हवे तर ओकारीतला अंशही, बरोबर न्यावा.

नोंद करावयाची तर ती अशी. ताजा रंग लगेच लिहून ठेवावा, कारण दोन तासांत तो बदलतो. फांदी चिरडली असता लाल, निळी, तपकिरी होते का ते लिहावे. जवळचे झाड कोणते, माती की लाकूड, गाव, तारीख, उंची किती सेंटिमीटर. नमुना कागदी पिशवीत ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घाम येऊन रात्रीत कुजतो. बीजाणूंचा ठसा घेतलेला कागद घडी घालून त्याच पिशवीत टाकावा. नंतर नमुना मंद उबेवर, चुलीच्या वर टांगलेल्या जाळीवर चालेल, पूर्ण कोरडा करावा. धगीवर भाजू नये. असा सुका नमुना वर्षानुवर्षे अभ्यासाला उपयोगी पडतो. पुण्याला १९४६ साली महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या नावाने निघालेली संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. कवकशास्त्राचे आपल्याकडचे आद्य अभ्यासक आजरेकर यांच्या नावाचा बुरशींच्या सुक्या नमुन्यांचा संग्रह तेथे आहे. एकेका पाकिटात एकेक वाळकी बुरशी आणि बाहेर चार ओळी: कोणी, कोठे, कशावर, केव्हा. त्या चार ओळी नसतील तर आतली बुरशी कितीही सुंदर असो, अभ्यासकाला तिचा उपयोग नाही. मराठवाड्यातल्या वारुळांवरच्या काळ्या काड्या अशा पाकिटांत घालण्यास वर्ष-दोन वर्षांच्या पावसाळ्यांत एखाद्या शाळेतली मुलेही सहज पुरतील. त्यांना लागेल एक चाकू, एक भिंग, जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या आणि पेन्सिल. शाई मात्र वापरू नये, पावसात ती पसरते.